गजाचा चेंडू

“कार्यक्रमाला गजाला बोलवायचं नाय,” वनिता म्हणाली. “आणि तूही त्याच्या वाडीवर जाऊ नको.”

आरोही बुटांच्या नाड्या बांधत होती. “आई, वीस वर्षं झाली.”

“झाली ना? मग कशाला उकरतेस?”

एवढं बोलून वनिता आत गेली. ज्याच्या चेंडूने नवरा गेला त्या माणसाला तिने कधी शिवी दिली नव्हती, की तळतळाट केला नव्हता. फक्त त्याचं नाव ती घरात काढू देत नसे. चौक गावच्या बायका याला तिचा मोठेपणा म्हणत.

चौकच्या अलीकडे रंगाची कंपनी आली, तेव्हा मालकांनी शेजारची खाचरं सपाट करून मैदान केलं आणि कामगारांची टीम उभी केली. टीमचं नाव कलर इलेव्हन. खालापूर आणि कर्जत तालुक्यात सीझन बॉलने, म्हणजे कातडी चेंडूने, खेळणाऱ्या टीम मोजक्याच होत्या, त्यात कलरचा दरारा वेगळा. त्यांचा फास्ट बॉलर गजा. कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतला, कंपनीत कंत्राटावर होता. त्याचा चेंडू दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा, असं जुनी माणसं अजून सांगत.

वीस वर्षांपूर्वी आरोहीचे वडील मनोज टीममध्ये नुकतेच आले होते. दुपारचा सराव चालू होता. गजाचा एक चेंडू उसळला आणि मनोजच्या छातीवर बसला. मनोज जागीच कोसळले. कर्जतला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हाचे कॅप्टन दशरथ दरवर्षी मनोज चषकाच्या दिवशी हे माइकवरून सांगत.

वनिता कंपनीतच पॅकिंगमध्ये रोजंदारीवर होती, तिला कायम केलं. मैदानाला मनोजचं नाव दिलं. आरोहीला पहिली बॅट क्लबनेच दिली. आता ती जिल्ह्याच्या मुलींच्या टीमकडून ओपनिंगला जायची. वडिलांचं अर्धवट राहिलेलं आपण खेळतो, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

गजाचं काम मात्र गेलं. बाजारात लोक त्याला खुनी म्हणत, पोरं दगड मारत. तो वाडीवर गेला तो परत खाली उतरला नाही. मनाला लावून घेतलं, छातीचा आजार जडला, असं कानावर येई.

यंदा क्लबला चाळीस वर्षं होत होती. स्मरणिकेत क्लबचा इतिहास लिहायचं काम दशरथनी आरोहीला दिलं होतं.

“गजाचं नाव नको टाकू,” ते म्हणाले होते. “एका चेंडूने घात केला, एवढंच लिही. बिचाऱ्याला कशाला आठवण द्या.”

आरोहीला ते पटलं नव्हतं. गजाला पुन्हा मैदानावर आणायचं, सगळ्यांसमोर त्याच्या हातात चेंडू द्यायचा आणि इतिहास तिथे संपवायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तिने स्कूटी कोंडाण्यात लावली आणि वाट चढून वाडी गाठली. गजा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर येत. त्याची बायको जनी सुपात करवंदं निवडत होती.

“मी आरोही. मनोजची मुलगी.”

गजा उठायला गेला, पण त्याला उठता आलं नाही. 

“तोंडवळा बापाचा हाय,” तो म्हणाला. “बस, पोरी.”

ती बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं आता आठवेनात. “काका, माझा तुमच्यावर राग नाही. खेळात होतं असं. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. मी गाडी पाठवते, तुम्ही या.”

“मी नाय येनार.”

“कोणी काही बोलणार नाही तुम्हाला. मी तुम्हाला माफ केलंय काका. मनापासून.”

जनीचं सूप थांबलं.

“माफ केलं?”

“जने, गप,” गजा म्हणाला.

“का गप? लेकीचं ठरल्यालं लगीन मोडलं, खुन्याची पोर म्हनून. तवा गप ऱ्हायले. आता ही माफ कराया आली!” तिने सूप बाजूला सारलं. “तुझ्या बापानं बॅट कवा हातात धरली नव्हती गं. कंपनीतली रंगाची टाकी साफ कराया उतरवला व्हता त्याला. वायूनं आतच पडला. कुनी उतरंना, म्हनून हा उतरला. त्याला खांद्यावर घालून वर आनला. ह्याची छाती तवाच गेली. पन तुझ्या बापात जीव नव्हता.”

“काहीतरीच काय?” आरोही म्हणाली.

“टाकीचं भाईर फुटलं तर कंपनी बंद पडंल, सगळ्यांच्या चुली इझतील, म्हनून धुऊन-पुसून मैदानात नेऊन निजवला. मग कुनाचा तरी चेंडू पायजे व्हता. हा दवाखान्यात शुद्धीवर आला, तवर ह्याचं नाव लागलं व्हतं. वाडीवरल्या मानसाचं कोन ऐकतंय?”

आरोही उभी राहिली. 

“खोटं आहे हे. असं असतं तर आईने सगळा गाव डोक्यावर घेतला असता. तिला फसवलं असतं ना, तर तिने एकालाही सोडलं नसतं.”

जनीने गजाकडे पाहिलं. गजाने श्वास जमवला.

“मी शेजारीच पडलो व्हतो, पोरी. तोंडातून आवाज निघत नव्हता, पन शुद्ध जाईस्तवर दिसत व्हतं. त्याला खेळायचे पांढरे कपडे तुझ्या आईनंच घातले.”