आधीच अडलेलं

कॉलेज रोडवरच्या एका छोट्या कंपनीत ललित आणि तृप्ती शेजारी बसून ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, लिहायचे, सी भाषेत. ललितने त्यात जागोजागी तपासण्या टाकल्या होत्या. डेटाचं माप ठरल्यापेक्षा वेगळं निघालं, की कोड कंपाइलच व्हायचा नाही, मशीनवर चालायच्या आधीच अडायचा. "चालू मशीन बंद पडण्यापेक्षा आधीच अडलेलं बरं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

दोघांचं जमलं होतं. घरी सांगितलं, तेव्हा त्र्यंबकच्या गुरुजींनी पत्रिका बघितल्या आणि जुळत नाहीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तृप्ती काही बोलायच्या आत ललितने तेच वाक्य तिला ऐकवलं. महिनाभरात तिने नोकरी सोडली. तिने लिहिलेला शेवटचा कोडही त्याच्या तपासणीत अडला होता. तो तसाच पडून राहिला.

काही वर्षांनी ललितने तो कोड पुन्हा उघडला, आणि संध्याकाळी तिला पुण्याला फोन लावला.

"तृप्ती, तुझा कोड बरोबर होता गं. माझ्या तपासणीतलं मापच चुकीचं होतं."

"कुठून घेतलं होतंस ते?"

"अंदाजाने टाकलं होतं. नंतर बघू म्हटलं, ते राहूनच गेलं."



"माझी जन्मवेळही आईने अंदाजानेच सांगितली होती, ललित. त्या दिवशी तेच सांगायला आले होते मी. पण तू आधीच म्हणालास, अडलेलं बरं."