न उघडणारा मिक्सर

“मॅडम, ह्याला स्क्रूच नाहीयेत,” ऋजुता म्हणाली.

विद्यापीठात शाश्वत डिझाइनच्या पहिल्या तासाला दरवर्षी मी मुलांना घरातली बिघडलेली वस्तू आणून उघडायला लावते. वस्तू उघडता आली तरच ती दुरुस्त होते, आणि दुरुस्त झाली तर कचऱ्यात जात नाही. बस, इतकंच शिकवायचं असतं. ऋजुतानं आईचा मिक्सर आणला होता. मी तो उलटा केला, तळाचे रबरी पाय काढले, स्टिकरखाली नखानं चाचपलं. सगळीकडे नुसता गोंद. शेवटी तिनं स्क्रूड्रायव्हर खुपसून जोर लावला आणि बूड तडकलं.

कंपनीचं नाव वाचून मला बरं वाटलं. माझा सर्वात हुशार विद्यार्थी, निनाद, तिथेच डिझाइनप्रमुख होता. मी वर्गातच त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“मॅडम! तो मिक्सर माझाच!” तो खुशीत होता. “लोक वस्तू कुठकुठून उघडतात, ते तुमच्याच वर्गात शिकलो ना. त्या सगळ्या जागा बंद केल्या. खप बघा कसा वाढलाय!”

मी फोन ठेवला. तडकलेला मिक्सर बाजूला सारून ऋजुता निनादचं बोलणं भराभर लिहून घेत होती.