सातव्या धाग्यानंतर

आमच्या विणकर घराण्याची करवती किनार संगणकावर काढून देणारा प्रोग्रॅम माझ्या नातीने, अंजूने, बेसा गावातल्या घरी बसून लिहिला आणि साऱ्या जगाला खुला केला. पण ती किनार विणताना सातव्या धाग्यानंतर दोन धागे का सोडायचे, याचा खुलासा त्या कोडसोबत कुठेच नव्हता. तो ठाऊक असणारी आता मी एकटीच उरले आहे.

"चाळीस पानी वही आण वं. मी सांगते, तू लिही," असे मी तिला शंभरदा बजावले.

"वही हरवते, आजी. मले भरवशाचं डॉक्युमेंटेशन टूल पायजे."

त्या टूलच्या शोधात वर्ष गेले. एक मध्येच बंद पडले, दुसरे मराठी जोडाक्षरे फोडू लागले, तिसऱ्यात नवाच दोष निघाला. माझा संताप तिने हसण्यावारी नेला.

काल ती लॅपटॉप घेऊन धावतच आली. "सापडलं, आजी! सांग आता, दोन धागे काहून सोडाचे?"



मी चष्मा दोनदा पुसला, ते कारण काही केल्या आठवेना, तेव्हा करड्या आवाजात फर्मावले, "एवढी घाई कायची वं? अजून एखादं टूल पाहून घे."