दोन दशांश ग्रॅम

“एवढा साता समुद्रापलीकडून आलाय, पाणी तरी विचारू का त्याला?” काडेपेटीएवढ्या वजनकाट्याकडे बघत बायको म्हणाली.

तपासनीस हसले. कारखान्यात सुटे भाग तपासण्यात तीस वर्षं गेली, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईचा भार मोजायला हा परदेशी काटा त्यांनी मागवला होता. इथे मिळणाऱ्या काट्याच्या पाव किमतीत.

“सुई जड बसली तर तबकडी कोरून काढते. हलकी बसली तर आवाज फाटतो. बरोबर दोन ग्रॅम हवेत.”

“बरं. आधी ही घ्या.” तिने त्यांच्या तळहातावर सकाळची कॅप्सूल ठेवली आणि ती दूध बघायला धावली.

काट्यासोबत पाच ग्रॅमचं वजन आलं होतं. काट्याने ते बरोबर पाच दाखवलं. पण परीक्षार्थ्यानेच पेपर काढावा, तसली ही परीक्षा. यंत्रावर तयार झालेल्या दोन अगदी सारख्या वस्तू हव्या होत्या. तपासनिसांना चष्म्याच्या डबीतली कॅप्सूल आठवली. हिवाळ्यात प्रवासाला निघताना ठेवलेली, तशीच राहून गेलेली.

डबीतली भरली बासष्ट शतांश ग्रॅम. हातातली एक्केचाळीस.

काटाच बिघडलाय, असं म्हणून त्यांनी दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तेच. दोन दशांश ग्रॅमचा फरक.

पुढचे तीन दिवस त्यांनी कॅप्सूल गालात धरली आणि बायकोची पाठ वळली की काढून ठेवली. त्रेचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. यंत्र असं वर-खाली भरत नाही. हा हाताने भरलेला माल होता. चौथ्या दिवशी त्यांनी एक उघडून पूड जिभेला लावली.

गोड. पिठीसाखर.

ते खुर्चीत बसले ते उठेचनात. चार महिन्यांत अंगाचं चिपाड झालं होतं. चार महिन्यांपूर्वी उलट्या थांबल्या, तेव्हा वाटलं औषध लागू पडलं. पण जिना चढताना दोनदा टेकावं लागे. आणि ही रोज हसतमुखाने पाण्याचा पेला पुढे करत होती.

चाळीस वर्षांचा संसार. नेमकं कुठे कमी पडलो, हे त्यांना आठवेना.

रविवारी त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. टेबलावर कागद पसरला, त्यावर कॅप्सूल मांडल्या आणि काटा शेजारी ठेवला.

“तुझ्या बहिणीला विचार, यात काय आहे.”

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली.

“मीच भरल्यात,” ती म्हणाली.

“का?”

तिने टेबलावरच्या कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“अगं, औषध काढून साखर घालतेस? मी मरायची वाट बघतेयस?”

“ताई, काहीतरी बोल,” मेहुणा काकुळतीला आला. “असं तू करणार नाहीस, मला माहीत आहे. एक शब्द बोल.”

ती बोलायला गेली. ओठ उघडले. तपासनिसांकडे तिने बराच वेळ बघितलं आणि ओठ पुन्हा मिटले.

“काय बोलू? त्यांनी मोजलंय ना.”

“घेऊन जा हिला,” तपासनीस म्हणाले. “मला हिच्या हातचं पाणीसुद्धा नको.”

तिने एका पिशवीत चार कपडे भरले. दारात चप्पल घालताना मागे न बघता म्हणाली, “शेकायची पिशवी खुंटीला आहे. पाणी फार कडकडीत घेऊ नका, कातडी नाजूक झालीय तुमची.”

“नाटकं पुरेत!” ते ओरडले. ओरडताना दम लागला आणि भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी सुई दोन ग्रॅमवर लावली. आवाज स्वच्छ, घंटेसारखा आला. तबकडीची एक बाजू संपली. दुसरी बाजू लावायला ते उठले नाहीत.

सकाळी लिफाफ्यात कॅप्सूल घालून त्यांनी दवाखाना गाठला. जिव्हारी लागलं होतं, पण डोकं थंड होतं. औषध आजपासून पुन्हा सुरू करायचं. बुडालेले चार महिने कसे भरून काढायचे, तेही विचारायचं.

डॉक्टरांनी मान वर केली. “एकटेच? वहिनी कुठायत?”

“भावाकडे.” तपासनिसांनी लिफाफा टेबलावर पालथा केला. “यात साखर आहे, डॉक्टर. मला सगळं कळलंय.”

डॉक्टर उठले. दार लावून घेतलं आणि स्वतःच्या खुर्चीत न जाता त्यांच्या शेजारी येऊन बसले. मोठा श्वास सोडून त्यांनी तपासनिसांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं झालं बाबा. एकटीने किती दिवस ओझं वाहणार त्या? ते औषध तुम्हाला नुसतं ओकायला लावत होतं, उपयोग काडीचा नव्हता, म्हणून मीच बंद करायला सांगितलं. आता हातात किती दिवस आहेत, ते विचारायला आलात, की तेही वहिनींनी सांगितलं?”