भोचक

मांजरीने मिस्त्रीच्या ताटात तोंड घातलं, तेव्हा त्याची बायको हसली.

"दात काय काढतेस?" मिस्त्री म्हणाला. "उचल हिला."

"तिला सगळ्याची चव बघायची असते. जातच तशी आहे." तिने मांजरीला उचललं नाही.

मांजरी मिस्त्रीनेच आणली होती. गावभर लोकांची दारं बसवायचा त्याचा धंदा. एका गिऱ्हाइकाला ही जात झेपेना, म्हणून त्याने ती याच्या गळ्यात मारली. तांबूस, सडपातळ, कान हे एवढाले. गिऱ्हाइकाने काही लपवलं नव्हतं. ही एका जागी टिकत नाही, जिथे तिथे नाक खुपसते, आणि जीव लावलेलं माणूस दाराआड गेलं की घर डोक्यावर घेते. मिस्त्रीने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं.

"घे, तुला सोबत," तो बायकोला म्हणाला. "आता घरात करमत नाही म्हणून रडायला नको."

कारण तिचं काम त्याने नुकतंच सोडवलं होतं. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवून द्यायची. "लोकांच्या डोळ्यांत डोळे घालायचे आणि वर पगार घ्यायचा," असं तो त्या कामाला म्हणायचा. दुकानवाल्या बाई एकदा घरी येऊन गेल्या. तुझी खुर्ची रिकामी ठेवलीय, म्हणाल्या. पुन्हा आल्या तेव्हा मिस्त्रीने त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं.

तिने मांजरीचं नाव ठेवलं भोचक. भोचकने आल्या आल्या घराची झडती घेतली. डबे, कपाटं, मिस्त्रीच्या खिशातली टेप. मग बाहेरच्या दाराच्या आडव्या हँडलवर उडी मारून ती लोंबकळली. हँडल खाली, दार किलकिलं.

मिस्त्रीने त्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेतला. आतलं हँडल काढलं आणि त्या जागी गुळगुळीत पत्रा ठोकला. बाहेरचं तसंच ठेवलं, कारण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या सासूबाईंना वर यायला लागायचं आणि किल्ली दिली की त्या हरवायच्या. दार ओढलं की आपसूक लागायचं.

"मांजर पळून जाईल," तो म्हणाला.

"आणि मला बाहेर जायचं असेल तर?"

"तुला कुठं जायचंय?"

शेजारी म्हणाले, मिस्त्री मनाचा हळवा हो, मुक्या जनावराची किती काळजी. साऱ्या गावाला दारं बसवणाऱ्याच्या घरात दाराला आतून हँडल नाही, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. बाई आतल्या बाजूला असली की लोकांची नजर बरोबर अधू होते.

ती रडली नाही. तिने बोलणंही थांबवलं नाही. मिस्त्री एक म्हणाला की ती दोन म्हणायची. आणि मांजरीला तर तिने डोक्यावर बसवलं. भोचक मिस्त्रीच्या उशीवर झोपायची, त्याच्या चहात पंजा बुडवायची, त्याची टेप बादलीत टाकायची.

"हिला आवर, नाहीतर मी आवरेन," तो म्हणायचा.

"तुम्हीच आणलीत. भोगा."

सासूबाई गुडघे धरत वर यायच्या आणि जे दिसेल ते लेकाच्या कानावर घालायच्या.

"अरे, तुझी बायको दुपारभर मांजरीशी लपाछपी खेळते. बाथरूममध्ये शिरते, दार लावून घेते. मग ही बया बाहेरून कोकलते, हँडलवर उड्या मारते, दार उघडून आत घुसते. की तिला मासळीचा तुकडा. की पुन्हा दार बंद. लहान आहे का ती?"

"खेळू दे. घरात तर आहे ना."

"मी म्हणते, चांगलं नाही दिसत."

"आई, कुणाला दिसतंय?"

एके दिवशी सकाळी तो कामावर निघाला असताना भोचकने कपाटावरचा स्क्रूंचा डबा खाली ढकलला. लहान-मोठे सगळे स्क्रू एक झाले, घरभर पांगले. मिस्त्रीने मांजरीला मानगुटीला धरून उचललं.

"बस झालं हिचं."

ती मध्ये आली. आवाज पहिल्यांदाच कापत होता. "अहो, हिला मारा. उपाशी ठेवा. माझ्यावर हात उचला हवं तर. पण दाराबाहेर काढू नका. माझ्याशिवाय क्षणभर राहायची नाही ती. ओरडून ओरडून जीव देईल. पाया पडते तुमच्या." आणि ती खरंच खाली वाकली.

मिस्त्री बघत राहिला. काम सोडवलं तेव्हा ही वाकली नव्हती. हँडल काढलं तेव्हाही नाही. आज कुठे दुखरी नस हाताला लागली होती.

"असं होय," तो म्हणाला. त्याने मांजरीला जिन्यात टाकलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. "आता बस दिवसभर तिचं रडणं ऐकत," तो बाहेरूनच बोलला. "संध्याकाळपर्यंत येईल अक्कल."

त्याची पावलं जिना उतरून गेली. खाली सासूबाईंचा रेडिओ सुरू झाला. दारापलीकडे भोचकने टाहो फोडला.

तिने डोळे पुसले. पलंगाखालून चपला काढून पायात घातल्या. कपाटामागची भरलेली पिशवी खांद्याला लावली. मासळीचा तुकडा हातात घेऊन ती दारापाशी येऊन उभी राहिली.

"भोचके," ती हळूच म्हणाली, "मी लपलेय गं. शोध."

हँडल खाली गेल्याचा आवाज आला.