एक-क्लोरो-एक-नायट्रोबेंझिन

धम्मदीपने फळ्यावरचा षटकोन पुन्हा नीट पाहिला. सहा कोपरे, प्रत्येक कोपरा एक कार्बन, आत तीन दुहेरी रेघा. म्हणजे बेंझिनच. पण वरच्या एकाच कोपऱ्याला दोन गट लटकवले होते. डावीकडे क्लोरीन, उजवीकडे नायट्रो.

"सांगा नाव," शालिकरामजी म्हणाले. अचलपूरकडच्या त्या कॉलेजच्या संस्थेचे ते अध्यक्ष. कधीकाळी बी.एस्सी. झालेले. त्यामुळे रसायनशास्त्राच्या मुलाखतीत एक प्रश्न ते स्वतः विचारत, तोही फळ्यावर काढून.

धम्मदीप सहा वर्षं अकोल्यात तासिका तत्त्वावर शिकवत होता. ही जागा पूर्णवेळ होती. आधी आत जाऊन आलेल्या उमेदवारांनी बाहेर बाकावर त्याला उत्तरही सांगून ठेवलं होतं. एक-क्लोरो-एक-नायट्रोबेंझिन म्हणायचं, साहेब खूश होतात.

नाव ओठांवर आलं. तेवढ्यात त्याला वर्गातली आचल आठवली. मागच्याच आठवड्यात तिनं हीच चूक केली होती आणि त्यानं तिच्याकडून बरोबर आकृती दहा वेळा काढून घेतली होती.

"सर, याला नाव नाही," तो म्हणाला.

"काहून नाही?"

मुलाखतीसाठी जपून आणलेली शुद्ध भाषा तिथंच सुटली. "कार्बनले चारच हात असतात, साहेब. तुमी पाच काढले. असा पदार्थ होतच नाही."

शालिकरामजींनी खडू खाली ठेवला. शेजारी विभागप्रमुख संध्या मॅडम इतका वेळ कागदावर उगाच रेघा ओढत बसल्या होत्या. त्यांनी चटकन मान वर केली.

"साहेब मुद्दामच चुकीचं काढतात," त्या म्हणाल्या. "कोणाच्या लक्षात येतं ते पाहायला."

"हो ना, मुद्दामच," शालिकरामजी सावरून म्हणाले. "सोमवारपासून या तुमी."

धम्मदीप बाहेर गेल्यावर ते उठून फळ्यापाशी आले. त्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनी रेघा मोजल्या. पाच भरल्या. पुन्हा मोजल्या.

"मॅडम, सकाळपासून नऊ जण याचं नाव सांगून गेले. तुमी एकदाबी काहून बोलल्या नाही?"

संध्या मॅडमनी कागदाची घडी घातली.

"चौदा वर्षांपूर्वी तुमी मले हेच काढून दाखवलं होतं, साहेब. मी नाव सांगितलं, म्हणून तर इथं लागली."