साडेचार महिने

थोरल्या दादाचं लग्न झालं त्या वर्षी धाकट्या बहिणीला दिवस गेले. तिचा नवरा चार महिन्यांपासून बोटीवर नोकरीला होता आणि गर्भ दोनच महिन्यांचा होता. मी तिला गर्भ पाडून घ्यायला सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीशी नेमकी आमच्याच गल्लीतली नर्स बसलेली. तिने विचारलं, “किती महिने?” धाकटीने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “साडेचार.” नर्स हसली. “म्हणजे जावईबापू जाता जाता आठवण ठेवून गेले! पण बाई, आमच्या दवाखान्यात तीन महिन्यांपर्यंतचाच गर्भ पाडतात. आता नाही जमायचं.” धाकटी माझ्या कानाशी लागली. “अक्का, खरं काय ते सांग ना तिला.” “गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची,” म्हणत मी तिला बाहेर आणलं. पुढच्या आठवड्यात तिने चोरून एका सुईणीकडून पाडून घेतलं. गुरुवारी दुपारी माझी धाकटी बहीण वारली.